'ने' या एका प्रत्ययासाठी

आजीला फोनवर "पीएचडीला प्रवेश मिळाला" असं मी म्हटलंच नाही. म्हटलं, "आजी, नोकरी लागली." आणि ते खरंच होतं. जर्मनीत पीएचडीची जागा बऱ्याचदा नोकरी म्हणूनच निघते. भाषा आणि संगणक या विषयातल्या पीएचडीसाठी पॉट्सडाम विद्यापीठाशी माझा तीन वर्षांचा करार आहे: ई-13 ही तिथली सरकारी पगारश्रेणी, 65 टक्के पद, कागदावर आठवड्याचे 26 तास. पेन्शन आणि आरोग्य विमा पगारातून कापला जातो. मिरजेत आमच्याकडे पुढचं शिक्षण म्हणजे बाबांवर आणखी बोजा, हे मी लहानपणापासून ऐकलंय. पहिली पगाराची पावती मी त्यांनाच पाठवली.

"फंडिंग कसं मिळालं?" असं विचारणारे मेसेज अजून येतात, म्हणून लिहिते. पहिल्या तीन अर्जांत मी भाषेची आवड, एमएचे मार्क, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येते वगैरे लिहिलं. तिन्हीकडून नकार आला. चौथ्या अर्जात फक्त एक प्रश्न मांडला.

तो प्रश्न असा. "त्याने रात्री उशिरा घरी आल्यावर भाकरी..." इथपर्यंत वाचलंत, की पुढे "खाल्ली" येणार हे जवळजवळ ठरलेलं असतं. 'ने'मुळे बहुधा भूतकाळ कळतो, भाकरीमुळे 'ली' कळते. आता "त्याने"च्या जागी "मी" ठेवा. मराठीत 'मी'ला 'ने' लागत नाही, त्यामुळे खातो, खाल्ली, खाणार, सगळेच दरवाजे उघडे. मग "खाल्ली" वाचायला 'मी'च्या वाक्यात जास्त वेळ लागतो का? वसिष्ठ आणि लुईस या संशोधकांनी 2006 मध्ये हिंदीवर दाखवलं होतं, की मधे शब्द वाढले तरी काही वाक्यांत क्रियापद उलट लवकर वाचलं जातं. एमएला ते वाचलं, तेव्हापासून मराठीचं काय, हे डोक्यातून जात नव्हतं. मराठीत तर 'ने' असलेलं आणि नसलेलं वाक्य शेजारी शेजारी ठेवता येतं!

संगणकाचा भाग इथे येतो. पुढचा शब्द किती अनपेक्षित आहे, याचा आकडा भाषा-मॉडेलकडून, म्हणजे पुढच्या शब्दाचा अंदाज बांधणाऱ्या संगणक प्रोग्रॅमकडून, काढायचा आणि माणसांच्या वाचनवेळेशी ताडून बघायचा. पण मॉडेलनं 'ने' नीट ओळखला की नाही, हे पडताळायला हातानं व्याकरण लावलेली वाक्यं लागतात. युनिव्हर्सल डिपेंडन्सीज या अशा वाक्यांच्या खुल्या संग्रहात हिंदीच्या सगळ्यात मोठ्या संचात 16,647 वाक्यं आहेत, मराठीच्या संचात 466. हा फरक मला खरोखर लागतो. रोज संध्याकाळी मी दहा-दहा वाक्यांना खुणा लावते आहे.

डिसेंबरात घरी गेले तेव्हा लॅपटॉपवर चाचणी घेतली. पडद्यावर एकावेळी एकच शब्द दिसतो, स्पेसबार दाबला की पुढचा. आजीनं चष्मा पुसला, पदर खोचला आणि मोठ्यानं वाचायला लागली. मोठ्यानं वाचलं की मनातल्या मनात वाचायला लागणारा वेळ मोजता येत नाही, म्हणजे तिचा डेटा धरायचा नव्हताच. मी तिला थांबवलं नाही.

"त्याने... रात्री... उशिरा... घरी... आल्यावर... भाकरी..." आणि बोट स्पेसबारवर पडायच्या आधी ती म्हणाली, "खाल्ली."

पुढचं वाक्य 'मी'चं होतं. "भाकरी"पाशी ती थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता स्पेसबार दाबला.