डिप्लोमा ट्रेनी ते सीनिअर इंजिनिअर: शॉपफ्लोअरवर खरोखर उपयोगी पडणाऱ्या सवयी

चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज, सातपूर, गोकुळ शिरगाव. ऑटो पार्ट्सच्या कारखान्यांत दरवर्षी डिप्लोमा आणि डिग्रीवाले ट्रेनी भरती होतात. चार-पाच वर्षांनी त्याच बॅचमधला एक जण लाईन सांभाळत असतो आणि दुसरा अजून शिफ्ट इंजिनिअरच असतो. दोघंही तितकेच राबतात, बऱ्याचदा दुसराच जास्त. फरक कुठे पडतो ते पाहायचं असेल तर सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगला जाऊन उभं राहावं. प्लांट हेड विचारतो, "रात्री सीएनसी सातवर 40 नग कमी का?" तेव्हा एका लाईनचा मॅनेजर रजिस्टर उघडून सरळ उत्तर देतो, आणि दुसरा रात्रपाळी करून झोपलेल्या पोराला फोन लावतो. पहिल्या लाईनच्या पोराचं नाव मार्चमध्ये अप्रेझलला आपोआप पुढे येतं. पुढे जे लिहिलंय ते बहुतेक याच एका गोष्टीभोवती फिरतं: आपण हजर नसताना आपल्या कामाचं उत्तर साहेबाला देता यायला हवं.

सुरुवात ब्रेकडाउनच्या नोंदीपासून. "मशीन बंद, 40 मि., मेंटेनन्सला कळवलं" या ओळीचा कुणालाच उपयोग नाही. नोंद अशी हवी: "सीएनसी 07, रात्री 2:10 ते 2:50, टरेट क्लॅम्प होत नव्हता. हायड्रॉलिक प्रेशर 35 किलोऐवजी 22. होजच्या जॉइंटला गळती, ऑइल लेव्हल खाली. जॉइंट टाइट केला, ऑइल टाकलं. होज बदलायचा बाकी, मेंटेनन्सच्या रात्रपाळीला सांगितलंय." लिहायला दीड मिनिट लागतं. त्यात वेळ, मोजलेला आकडा, कारण, केलेलं काम आणि उरलेलं काम, सगळं आलं. तीन महिन्यांनी तोच टरेट पुन्हा अडकला की हीच ओळ शोधली जाते.

शिफ्ट हँडओव्हरमध्ये सगळ्यात महागात पडणारी चूक ऑफसेटची, म्हणजे टूलच्या जागेत मशीनवर दिलेल्या दुरुस्तीची असते. 25 मिलीमीटरचा बोअर (भोक) आहे, टॉलरन्स शून्य ते अधिक 21 मायक्रॉन. इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापणारं टोक) झिजतो तसा बोअर लहान होत जातो, म्हणून ऑपरेटर पाच-पाच मायक्रॉन ऑफसेट वाढवत राहतो. शिफ्ट संपेपर्यंत एकूण 15 मायक्रॉन वाढलेले असतात आणि रजिस्टरात त्याचा उल्लेख नसतो. पुढच्या शिफ्टमध्ये इन्सर्ट बदलला जातो, ऑफसेट मात्र तसाच राहतो. नव्या इन्सर्टवर मुळात 25.010 यायला हवा होता, तो 25.025 येतो. मोठा झालेला बोअर परत लहान करता येत नाही, नग थेट स्क्रॅपमध्ये. त्यातच पहिला नग तपासायच्या आधी सायकल चालू केली असेल, तर एकाऐवजी आठ-दहा नग जातात. म्हणून हँडओव्हरमध्ये प्रत्येक क्रिटिकल टूलपुढे दोन आकडे लिहायची सवय लावावी: इन्सर्टवर किती नग झाले आणि एकूण किती ऑफसेट दिला. हा रकाना फॉरमॅटमध्ये नसेल तर पेनाने आखून घ्यावा. असा हाताने आखलेला रकाना पुढे कधीतरी क्वालिटीच्या अधिकृत फॉरमॅटमध्ये जातो, आणि तो कुणी सुरू केला हे लोकांच्या लक्षात राहतं.

न लिहिलेली मिनिटं

ओईई, म्हणजे मशीनचा वेळ खरोखर किती टक्के कामी आला तो आकडा, सगळ्यांना ठाऊक असतो, बोर्डावर लावलेलाच असतो. पण तो स्वतः हाताने काढणारे फार थोडे. एकदा काढून पाहा. शिफ्ट 480 मिनिटांची. जेवणाची 30 आणि दोन चहांची 10-10 वजा केली की उरली 430. समजा ब्रेकडाउन आणि सेटिंग मिळून 65 मिनिटं गेली, तर मशीन चाललं 365 मिनिटं. अव्हेलेबिलिटी झाली 84.9 टक्के. सायकल टाइम अडीच मिनिटं असेल तर 365 मिनिटांत 146 नग व्हायला हवेत, झाले 132. म्हणजे परफॉर्मन्स 90.4 टक्के. त्यातले 3 रिजेक्ट, म्हणजे क्वालिटी 97.7. तिघांचा गुणाकार 75 टक्के.

आता गंमत बघा. 132 नगांना अडीच मिनिटांप्रमाणे 330 मिनिटं लागतात. मशीन "चाललं" 365. मधली 35 मिनिटं कुठल्याच रजिस्टरात नाहीत. चिप गुंतली ती काढली, गेज (माप तपासायचं साधन) दुसऱ्या मशीनवर होतं ते आणायला गेले, रॉ मटेरियलची ट्रॉली वेळेवर आली नाही, क्रेन मोकळी नव्हती. दोन-दोन, तीन-तीन मिनिटांचे हे थांबे ब्रेकडाउन म्हणून कुणी लिहीत नाही. मीटिंगमध्ये सगळे त्या 65 मिनिटांवर भांडतात, मेंटेनन्स आणि प्रॉडक्शन एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि या 35 मिनिटांना मायबाप नसतो.

ट्रेनीने हात घालावा अशी हीच जागा आहे. एक मशीन निवडा, शक्यतो लाईनमधलं सगळ्यात हळू. आठवडाभर, दररोज दोन तास, मशीनजवळ उभं राहून प्रत्येक थांब्याची वेळ आणि कारण कागदावर टाका. स्टॉपवॉच काढण्याआधी ऑपरेटरला सांगून टाका, "मामा, तुमचा वेळ नाही मोजत, मशीन का थांबतंय ते बघतोय." हे न सांगता घड्याळ हातात घेतलं की माणूस बिथरतो, मुद्दाम हळू किंवा मुद्दाम भरभर काम करतो आणि आकडे फुकट जातात. युनियन असलेल्या कंपनीत तर आधी सुपरवायझरच्या कानावरही घालावं. आठवड्याअखेर कारणांची बेरीज केली की बहुतेक वेळा दोन-तीन कारणांतच निम्म्याहून जास्त वेळ गेलेला दिसतो. तो कागद साहेबाकडे न्यायचा, पण नुसता प्रश्न घेऊन जायचं नाही. "गेजची शेअरिंग बंद करून या मशीनला वेगळं गेज दिलं तर शिफ्टला साधारण 12 मिनिटं वाचतील" असं काहीतरी सोबत हवं.

अवर्ली बोर्डाचंही इथेच सांगतो. तो दर तासाला भरायचा असतो. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी शेवटच्या अर्ध्या तासात आठही तासांचे आकडे एकाच पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात भरले जातात. ऑडिटरला हे दारातूनच कळतं.

व्हाय-व्हाय आणि "ऑपरेटरला समज दिली"

कस्टमर कंप्लेंट आली की एट-डी (तक्रार सोडवण्याचा आठ टप्प्यांचा रिपोर्ट) भरावा लागतो. नवीन इंजिनिअरच्या हाती तो पहिल्यांदा येतो तेव्हा फॉर्म भरणं म्हणजेच काम असं त्याला वाटतं. पहिले 24 तास मात्र कंटेनमेंटचे असतात: संशयित माल कुठे कुठे आहे ते शोधून अडवणं. कस्टमरकडे, वाटेत ट्रकमध्ये, आपल्या एफजी (तयार मालाच्या) स्टोअरमध्ये, लाईनवर अर्धवट झालेला, आणि जॉब वर्कला बाहेर गेलेला. शेवटची जागा हमखास विसरली जाते, कारण प्लेटिंग किंवा हीट ट्रीटमेंटला गेलेला माल आपल्या डोळ्यांसमोर नसतो. पाचही ठिकाणांचे आकडे, लॉट नंबर आणि तपासणीचा निकाल एका कागदावर मांडून देणारा माणूस क्वालिटी हेडच्या लक्षात राहतोच.

मग मूळ कारण. ते शोधायला व्हाय-व्हाय, म्हणजे पुन्हा पुन्हा "का?" विचारत जाणं. इथे दोन वेगळ्या साखळ्या लागतात: दोष तयार का झाला, आणि तो तपासणीतून निसटला का. बऱ्याच एट-डीत दुसरी साखळी नसते आणि कस्टमर तो परत पाठवतो. पहिली साखळीही "ऑपरेटरचं दुर्लक्ष" इथे येऊन थांबली तर ती पुरी झालेली नाही. पार्ट उलटा बसला, कारण ऑपरेटरने उलटा लावला. उलटा का लागू शकला? फिक्स्चरला लोकेटिंग पिन नव्हती. पिन का नव्हती? दोन व्हेरिएंट एकाच फिक्स्चरवर चालवायला ती काढून टाकली होती. इथे कुठेतरी करण्याजोगं काम सापडतं. "ऑपरेटरला समज दिली, ट्रेनिंग दिलं" ही करेक्टिव्ह अ‍ॅक्शन लिहिणारा स्वतःच जाहीर करतो की मशीनकडे तो गेलाच नाही. शिवाय त्या ऑपरेटरचं मन आपल्याकडून जातं ते वेगळंच. वीस वर्षं त्याच मशीनवर काढलेल्या माणसाने पुढच्या वेळी बेअरिंगचा आवाज बदललाय हे तुम्हाला सांगायला हवं असेल, तर त्याच्या माथी खापर फोडू नका.

कायझेनच्या शीटमधली बचत

कायझेन म्हणजे कामात केलेली छोटी सुधारणा. तिच्या शीटवर लिहिलेलं असतं: एका नगामागे 12 सेकंद वाचले, दिवसाला 400 नग, म्हणजे 80 मिनिटं. इथवर ठीक. पुढे ही मिनिटं मशीनच्या ताशी दराने गुणून वर्षाची लाखांची बचत दाखवतात, आणि फायनान्सवाला विचारतो की पैसे नेमके कुठून वाचले. मशीन जर बॉटलनेक (सगळ्या लाईनला अडवणारं हळू मशीन) नसेल तर वाचलेल्या वेळेत ते नुसतं उभं राहतं. ओव्हरटाइम कमी झाला असेल, जॉब वर्कला बाहेर जाणारं काम आत आलं असेल किंवा नग जास्त विकले गेले असतील, तरच ती बचत रुपयांत लिहावी. नाहीतर सरळ "वेळ वाचला, थकवा कमी झाला" असं लिहिलेलं बरं. फुगवलेल्या दहा शीटपेक्षा फायनान्सने सही केलेली एक शीट अप्रेझलला जास्त वजनदार ठरते.

शिकायचं काय, यावर माझं मत थोडं वेगळं आहे. क्वालिटीच्या कोअर टूल्सपैकी एफएमईए (काय बिघडू शकतं ते आधीच मांडणं) आणि एसपीसी (आकड्यांवरून प्रोसेसवर लक्ष ठेवणं) यांच्या मागे सगळे लागतात. एमएसएकडे, म्हणजे मोजमापच भरवशाचं आहे का ते तपासण्याकडे, फारसं कुणी फिरकत नाही, म्हणून तेच आधी शिकावं. 10 नग, 3 तपासणारे, प्रत्येकाने 3 वेळा मोजायचं, एकूण 90 रीडिंग. नगांवर नंबर घालायचे, पण मोजणाऱ्याला ते दिसू द्यायचे नाहीत, आणि क्रम दर वेळी बदलायचा. मुख्य म्हणजे दहाही नग प्रोसेसमध्ये प्रत्यक्ष येणाऱ्या संपूर्ण पट्ट्यातून निवडायचे. एकाच तासाच्या उत्पादनातले एकसारखे नग घेतले की नगांमधला फरकच उरत नाही आणि चांगलं गेजही वाईट दिसतं. गेज आर-अँड-आर (एकूण फरकातला मोजमापामुळे आलेला वाटा) 10 टक्क्यांखाली असेल तर उत्तम, 10 ते 30 मध्ये वापर पाहून ठरवायचं, 30 च्या वर असेल तर गेज किंवा पद्धत बदलायची. हे स्वतः करता येणारा पोरगा आयएटीएफ 16949 (ऑटो उद्योगाचं क्वालिटी मानक) च्या ऑडिटच्या आठवड्यात सगळ्यांना हवा असतो. एफएमईए शिकताना 2019 ची एआयएजी-व्हीडीए पद्धत शिका. तिच्यात आरपीएनच्या (धोक्याच्या गुणाकाराच्या आकड्याच्या) जागी अ‍ॅक्शन प्रायॉरिटी आली आहे, आणि जुन्या नोट्सवर शिकलेले तिथे अडखळतात.

डिप्लोमावाल्यांना डिग्रीची रुखरुख असते. घ्यायचीच तर एआयसीटीईची (तांत्रिक शिक्षणाला मान्यता देणाऱ्या परिषदेची) मान्यता आधी तपासा. पत्राद्वारे घेतलेल्या इंजिनिअरिंग पदव्यांच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये निकाल दिला आहे. "घरबसल्या बीई" अशा जाहिरातींच्या नादी लागू नये.

आपल्या जागेवर दुसरा माणूस

स्किल मॅट्रिक्समधल्या (कुणाला कोणतं काम किती येतं त्याच्या तक्त्यातल्या) गोलाचे चार भाग असतात. शेवटचा भाग भरतो तो दुसऱ्याला शिकवता आलं की. "माझ्याशिवाय लाईन चालत नाही" हे अभिमानाने सांगणाऱ्याला साहेब वर कसा नेणार? नेला तर लाईन बंद पडेल. सेटिंग, प्रोग्राम करेक्शन, कस्टमरचा रिपोर्ट, जे काही फक्त तुम्हालाच येतं, ते दोघांना शिकवून ठेवा. एकाला नाही, दोघांना, कारण एक जण सोडून जाणारच. आठवडाभर सुट्टीवर जा आणि फोन किती वेळा वाजतो ते बघा.

अप्रेझलचा फॉर्म मार्चमध्ये येतो आणि लोक एप्रिलपासूनचं आठवायला बसतात. आठवतं फक्त जानेवारीनंतरचं. दर महिन्याच्या शेवटी पाच ओळी लिहून ठेवाव्यात: काय बदललं, आधीचा आकडा, नंतरचा आकडा, सोबत कोण होतं, कागद कुठे आहे. रेटिंग शेवटी ठरतं ते बंद खोलीत, बेल कर्व्हमध्ये (थोडे वर, थोडे खाली, बाकी मधे) माणसं बसवताना, आणि तिथे तुम्ही नसता. तुमच्या साहेबाला तुमच्यासाठी बोलायला फार तर दोन मिनिटं मिळतात. त्याच्या हातात तीन ओळी द्या: "लाईन 3 चं रिजेक्शन 2.1 वरून 0.9 टक्के, फिक्स्चर बदलून. दोन ऑपरेटर सेटिंगला तयार केले. कस्टमर ऑडिटचे चार मुद्दे वेळेत बंद." "प्रामाणिकपणे व मेहनतीने काम केले" हे वाक्य दोन्ही हातांनी खोडा. ते सगळेच लिहितात. आणि हे बोलणं मार्चमध्ये नको, ऑक्टोबरच्या मिड-इयर रिव्ह्यूला करा, तेव्हा काही बदलायला वेळ असतो.

एक गोष्ट मात्र सगळं पुसून टाकते. टार्गेट गाठायला दरवाज्याचा सेफ्टी सेन्सर बायपास करणं. "फक्त आजच्या शिफ्टपुरतं" म्हणून घातलेली ती वायर महिनाभर तशीच राहते, आणि अपघात झाला की चौकशीत त्या शिफ्टच्या इंजिनिअरची सही निघते. नग कमी पडू द्या, लिहून ठेवा की सेन्सर बिघडल्याने मशीन बंद ठेवलं.

दोन अप्रेझल गेली, काम दाखवता येतंय, तरीही काही हलत नाही? मग वरची जागा मुळात आहे का ते एचआरला सरळ विचारा. लहान प्लांटमध्ये वरचा माणूस निवृत्त होईपर्यंत ती नसतेच, आणि त्यात कुणाचा दोष नसतो. ग्रुपच्या दुसऱ्या प्लांटमध्ये जागा निघाली असेल तर आधी तिथे अर्ज करा. बाहेर जायचं ठरलंच तर ड्रॉइंग, कंट्रोल प्लॅन, कस्टमरचे रिपोर्ट स्वतःच्या जीमेलवर पाठवायच्या भानगडीत पडू नका. आयटीवाल्यांना ते दिसतं आणि रिलीव्हिंग लेटर अडकतं. मुलाखतीत ड्रॉइंग लागत नाही. रिजेक्शन किती होतं, किती झालं आणि मधे नेमकं काय केलं, एवढं स्वतःच्या डायरीत असलं की पुरतं.