मेळघाट, तिसरी फेरी: रानपिंगळा शेवटी नीट दिसला

मंडळी, १५ ते १७ मार्च २०२५ अशी मेळघाटची फेरी करून कालच नाशिकला परत आलो, डोक्यात सगळं ताजं आहे तोवर लिहून काढतो. आधी मुद्द्याचं सांगतो, रानपिंगळा, म्हणजे ते दुर्मिळ छोटं घुबड, दिसला. सकाळच्या उजेडात, जवळजवळ वीस मिनिटं, आणि ह्यावेळी मनात एक टक्का पण शंका नाही.

नवीन लोकांसाठी मागची गोष्ट थोडक्यात. डिसेंबर २०२२ ला पहिल्यांदा गेलो तेव्हा संध्याकाळी सहाच्या आसपास सागाच्या खोडाजवळ एक छोटं घुबड दिसलं, मागून उजेड, पक्षी नुसता काळा, आणि मी उत्साहात ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायची वेबसाइट) रानपिंगळा म्हणून नोंद टाकून मोकळा झालो. नोंदी तपासणाऱ्यांनी विचारलं की डोक्यावर ठिपके होते का, छातीचा रंग काय होता. फोटो उजळवून बघितला तर माथाभर पांढरे ठिपके. आपला साधा पिंगळा, जो माझ्या गल्लीतल्या वडावर पण बसतो. नोंद लगेच दुरुस्त केली, पण खूप लागलं मनाला. फेब्रुवारी २०२४ ला परत गेलो, तीन दिवस फिरलो, जंगली पिंगळा (तिसरं छोटं घुबड) दोनदा मिळाला, रानपिंगळा नाहीच. परतताना एसटीत बसल्या बसल्या लक्षात आलं की मी तीन दिवस फक्त डोळ्यांनी शोधत होतो आणि जंगलात अर्ध्याहून जास्त पक्षी आधी कानाला कळतात.

म्हणून मागचं वर्षभर फक्त कानावर काम केलं. पद्धत सांगतो, कुणाला उपयोग झाला तर बरं. सागाच्या जंगलातले चाळीस पक्षी निवडले, आठवड्याला दोन, झेनो-कॅन्टो ह्या पक्ष्यांच्या आवाजांच्या वेबसाइटवरची रेकॉर्डिंग कामावर जाता-येता ऐकायची. मग दर रविवारी नाशिकच्या पांडवलेण्याच्या पायथ्याशी जाऊन पहिला अर्धा तास दुर्बीण बॅगेतच ठेवायची, बसून फक्त ऐकायचं आणि जे ऐकू येईल ते आपल्या भाषेत आपल्या अक्षरात डायरीत लिहायचं. तांबटाचं टुक-टुक-टुक सगळ्यांनाच येतं, पण टकाचोराचे कमीत कमी पाच वेगळे आवाज आहेत आणि त्यातला रागावलेला खरखरीत आवाज कोणता हे ओळखायला मला तीन महिने लागले. तोच आवाज पुढे कामाला आला.

तिन्ही छोटी घुबडं कानाला अशी वेगळी पडतात. साधा पिंगळा कर्कश, चिरिक-चिरिक-चिरिक, दोघं मिळून भांडल्यासारखी. जंगली पिंगळा हळू सुरू करतो आणि मग वेग वाढवत नेतो, गडगडत जाणारी ताल. रानपिंगळा छोटी मऊ शीळ घालतो, उवॉव, मध्ये थांबतो, परत उवॉव. दिसण्यात म्हणाल तर माथा जवळजवळ कोरा, छाती गडद तपकिरी, पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा, पंख आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, आणि पाय अंगाच्या मानाने दणकट, पांढऱ्या पिसांनी भरलेले. शिवाय तो दिवसाढवळ्या शिकार करतो, त्यामुळे ऊन वर आल्यावर उघड्या फांदीवर छोटं घुबड दिसलं तर घाई न करता नीट बघा.

ह्या पक्ष्याची गोष्ट माहीत नसेल तर सांगतोच, मला ती पुन्हा पुन्हा सांगाविशी वाटते. ह्यूम ह्या ब्रिटिश पक्षीतज्ज्ञाने १८७३ ला ह्याचं वर्णन केलं, पुढच्या काही वर्षांत मोजके सात नमुने (मारून, भरून ठेवलेले पक्षी) जमा झाले, शेवटचा खरा नमुना १८८४ चा, आपल्या खानदेशातला, जेम्स डेव्हिडसनने जमवलेला. त्यानंतर पक्षी गायब. मधल्या काळात माइनर्ट्झहागेन नावाच्या माणसाने १९१४ ला गुजरातेत मांडवीजवळ मिळाला म्हणून एक नमुना दाखवला, लोक त्याच्या भरवशावर शोधत राहिले, आणि नंतर पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर ह्या पक्षीतज्ज्ञांनी तपासून दाखवलं की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला, मूळ डेव्हिडसनचाच, नुसता नव्याने भरून खोटी चिठ्ठी लावलेला. म्हणजे एका खोट्या चिठ्ठीने इतकी वर्षं लोकांना चुकीच्या जागी फिरवलं! मग जुन्या खऱ्या जागा धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट आले आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला सकाळी शहाद्याजवळ तो दिसला, ११३ वर्षांनी. नोंद खरी लिहिणं किती महत्त्वाचं आहे हे मला माझ्या २०२२ च्या चुकीनंतर ह्या गोष्टीमुळे जास्त कळलं.

आता ह्या वेळची फेरी. बडनेऱ्याला उतरून अमरावती, परतवाडा, मग घटांगवरून घाट चढून सेमाडोह. होळी नुकतीच झालेली, इथल्या कोरकू आदिवासींचा हा सगळ्यात मोठा सण, वाटेत चार ठिकाणी बायकापोरांनी गाडी अडवून गाणं म्हणत फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागितला, सुटे पैसे जवळ ठेवा. सागाची पानं गळलेली, खाली कुरकुरीत गालिचा, पळस अजून पेटलेला, मोहाची फुलं पडायला सुरुवात. पहाटे पाचलाच टोपल्या घेऊन लोक मोहाखाली हजर.

पहिला दिवस कोलकास भागात, सिपनेच्या काठाने. सर्पगरुड, भृंगराज, निखार, सांबराची मादी पिल्लासोबत पाण्यावर. दुपारी वरच्या उतारावरून भेकर सलग सात-आठ मिनिटं भुंकत होतं, वाघ किंवा बिबट काहीतरी असणार, दिसलं नाही. मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला, पण डोंगराळ आणि दाट असल्याने इथे वाघ बघायला म्हणून येऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी. आमचा गाईड विशीतला कोरकू मुलगा, त्याचा कान माझ्यापेक्षा शंभर पटीने पुढे. सात चाळीसला तो थांबला आणि म्हणाला, "काका, टकाचोर कुणावर तरी रागावला." मला पण तोच खरखरीत आवाज आला, त्यात बुलबुल मिसळलेले, सगळे एकाच झाडाभोवती. आम्ही जागचे हललो नाही. दोन मिनिटांनी कल्ला कमी झाला आणि मग आली ती शीळ. उवॉव. थांबून परत, उवॉव. खरं सांगतो, हात थरथरत होते म्हणून मी दुर्बीण गुडघ्यावर टेकवून बघितलं. निष्पर्ण सागाच्या आडव्या फांदीवर, ऊन अंगावर घेत बसलेला. माथा कोरा, तपकिरी छाती, खाली पांढरं पोट, आणि शेपटी मध्येच डावीकडे उजवीकडे झटकत होता. मान खाली घालून एकटक पानांकडे बघत राहिला, मग दगड पडावा तसा सरळ खाली. वर आला तेव्हा चोचीत सापसुरळी, शेपूट अजून वळवळतंय. तो फांदीवर थांबला नाही, पन्नासेक फुटांवरच्या जुन्या झाडाच्या ढोलीशी गेला, आतून बारीक आवाज आला, सापसुरळी आत गेली आणि हा रिकामा परत त्याच फांदीवर.

ढोली आहे कळल्यावर आम्ही आणखी जवळ गेलो नाही. होतो तिथूनच बघितलं आणि आठ वाजून दोन मिनिटांनी मागे फिरलो. फोटो चारच आहेत, लांबचे, ओळख पटेल इतपत. जागा मी कुठेही लिहिणार नाही आणि कृपया मेसेज करून विचारू नका. आवाज वाजवून बोलावणं तर अजिबात नको, त्याला वाटतं दुसरा नर आला, तो शिकार सोडून त्याच्या मागे लागतो आणि ढोलीतली मादी-पिल्लं तेवढा वेळ उपाशी. आपल्या एका फोटोसाठी हे करण्याचा हक्क आपल्याला नाही, ह्यावर माझं मत पक्कं आहे.

तिसरा दिवस चिखलदऱ्याकडे गेला, धुकं नव्हतं, पक्षी कमी. एकूण चौऱ्याऐंशी जाती, त्यातल्या एकतीस फक्त आवाजावर नोंदवल्या. मागच्या फेरीत आवाजावरच्या नोंदी सहा होत्या. माझ्यासाठी रानपिंगळ्याइतकाच हा आकडा मोठा आहे. सुतारपक्ष्यांचे टकटक अजून एकमेकांत मिसळतात, ते पावसाळ्यात घेतो हातात.

पुढे नोव्हेंबरात तानसा अभयारण्य करायचं आहे. २०१४ ला तिथे रानपिंगळा मिळाला तेव्हा सगळेच चकित झाले होते, मुंबईच्या इतक्या जवळ, आणि मला नाशिकहून सकाळी निघून पोचता येतं. तिथल्या रानात कुणी आवाजाच्या नोंदी केल्या असतील, विशेषतः जंगली पिंगळ्याच्या, तर ऐकायला पाठवा, तोवर कान तयार करून ठेवतो.