नवीन मरीन मासा आणलाय? ती ड्रिपची नळी जरा बाजूला ठेवा

मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकवाल्या कुणालाही विचारा की नवीन मासा कसा सोडायचा, उत्तर ठरलेलं असतं, पिशवी तरंगत ठेवा मग एअर पंपाच्या बारीक नळीला गाठ मारा आणि थेंब थेंब पाणी सोडत बसा, दोन तास, तीन तास, जितकं हळू तितकं चांगलं. मला हे आता पटत नाही. कोळंबी, स्टारफिश असलं काही असेल तर ड्रिप जरूर करा, सॅलिनिटीतला, म्हणजे पाण्याच्या खारेपणातला बदल त्यांना खरंच झेपत नाही. माशाचं गणित वेगळं आहे.

मासा पिशवीत बराच वेळ राहिलेला असेल, समजा बाहेरगावाहून पार्सलने आलाय, तर त्या पाण्यात अमोनिया साठलेला असतो. पण त्याच पाण्यात त्याच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइडही असतो त्यामुळे पीएच खाली गेलेला असतो आणि कमी पीएचला बहुतेक अमोनिया अमोनियमच्या रूपात राहतो, जो फारसा विषारी नाही. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. वर आपण नळीतून ८.२ पीएचचं पाणी सोडत असतो! म्हणजे मासा आरामात सेट होतोय असं आपल्याला वाटतं आणि तो त्या पाण्यात भाजत असतो. अशा माशासाठी पिशवी बंद ठेवूनच पंधरा-वीस मिनिटं तरंगवायची, टेंपरेचर जुळलं की उघडायची आणि मासा लगेच उचलून टँकमध्ये सोडायचा. पिशवीचं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही, त्यात कॉपर (परजीवी मारायचं औषध) असू शकतं, परजीवी असू शकतात. आणि जाळी शक्यतो नको, टँग माशाच्या शेपटीजवळचा काटा किंवा क्लाउन माशाच्या गालाचे काटे जाळीत अडकतात, प्लास्टिकच्या डब्याने उचला.

मग सॅलिनिटीचं काय? तर ते काम मासा घरी यायच्या आधी करायचं असतं. दुकानात बऱ्याचदा पाणी १.०१८ ते १.०२० वर ठेवतात (हे पाण्याचं विशिष्ट गुरुत्व, आकडा जितका मोठा तितकं पाणी खारं), मीठ वाचतं आणि परजीवींनाही जरा चाप बसतो असं मानतात. आपला रीफ टँक, म्हणजे कोरलवाला टँक, १.०२५ च्या आसपास. जास्त खारं ते कमी खारं हा प्रवास माशाला बऱ्यापैकी जमतो, उलटा नाही. समुद्री मासा सतत खारं पाणी पीत असतो आणि जास्तीचं मीठ गिल्समधून बाहेर टाकत असतो, एकदम खाऱ्या पाण्यात गेला की शरीरातलं पाणी ओढलं जातं, आणि गंमत म्हणजे परिणाम त्या दिवशी दिसेलच असं नाही, दोन-तीन दिवसांनी मासा आडवा होतो आणि आपण म्हणतो काल तर मस्त होता. म्हणून दुकानात फोन करून सरळ विचारायचं, दादा तुमची सॅलिनिटी किती? सांगता नाही आली तर रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारेपणा मोजायचं यंत्र, घेऊन जा, खिशात मावतो, लाज कसली. (घरचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) सोल्युशनने कॅलिब्रेट करा, नुसत्या आरओ पाण्याने शून्य जुळवलं तरी वरचं रीडिंग चुकू शकतं.) क्वारंटाइन टँकचं, म्हणजे नवीन मासा आधी वेगळा ठेवायच्या टाकीचं पाणी दुकानाइतकं करून ठेवायचं आणि मग रोज थोडंथोडं, ०.००१-०.००२ असं वर न्यायचं. झालं, ड्रिपची गरजच संपली.

हो, क्वारंटाइन टँक लागतोच. जागा नाही हे कारण मी खूप ऐकलंय, वन बीएचकेत पण एक छोटी टाकी बसते हो. वाळू नको, रॉक नको, हीटर, मेन टँकच्या संपमध्ये (फिल्टरच्या वेगळ्या टाकीत) आधीपासून ठेवलेला स्पंज फिल्टर आणि लपायला हार्डवेअरच्या दुकानातले नवे पीव्हीसी एल्बो. चार आठवडे तरी. कारण मरीन इच म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी माशावर फक्त काही दिवस असतो, मग पांढरे ठिपके गळून पडतात आणि आपल्याला वाटतं बरा झाला, तो तर खाली जाऊन गाठीत बसलाय आणि पुढच्या काही आठवड्यांत शेकडो पिल्लं सोडणार आहे. तो एकदा मेन टँकमध्ये शिरला की सगळे मासे बाहेर काढून टँक दोन-अडीच महिने रिकामा ठेवायची वेळ येते. कॉपर द्यायचं असेल तर टेस्ट किट असल्याशिवाय देऊ नका आणि मेन टँकमध्ये तर कधीच नाही, कोळंबी-गोगलगाई सगळं साफ होईल.

आता माझ्या मते खरा विषय. पाणी जुळवणं सोपं आहे, जुने रहिवासी जुळवणं कठीण. तो स्वस्तात मिळतो म्हणून सगळ्यात आधी घेतलेला डोमिनो डॅमसेल मासा म्हणजे सोसायटीचा चेअरमन, नवीन कुणी आलं की पार्किंगपासून सुरुवात. म्हणून भांडखोर मासा नेहमी शेवटी घ्यायचा. आधीच घेऊन बसला असाल तर नवीन मासा सोडायच्या आधी दोन-चार रॉक हलवा, त्यांच्या हद्दी पुसल्या जातात आणि सगळेच नव्याने जागा शोधायला लागतात. दुसरं, छिद्रांचा पारदर्शक अ‍ॅक्रिलिक बॉक्स टँकमध्ये लावून नवा मासा त्यात काही दिवस ठेवायचा. बघतील, फुगतील, काचेवर धडका देतील, पण लागणार कुणाला नाही. बॉक्सकडे दुर्लक्ष करून जेवायला लागले की सोडायचं. टँगवर टँग आणत असाल तर टँकच्या बाजूला बाहेरून एक आरसा टेकवून ठेवा, जुना टँग स्वतःशीच भांडत बसतो. हे ऐकायला येडपट वाटतं पण चालतं.

सोडायचं ते लाइट बंद करून, संध्याकाळी. पहिल्या रात्री खायला घालायची घाई नको. आणि झाकण! फायरफिश, रास (wrasse) हे उड्या मारणारे लोक आहेत, पहिल्या रात्री तर हमखास. खिडकीला लावतात ती मच्छरांची फायबर जाळी फ्रेमला लावून घ्या, हवा पण खेळती राहते.

आणि मग माणसं घाबरतात ती बऱ्याचदा भलत्याच गोष्टींना. पिवळा कोरिस रास आणला आणि सकाळी गायब? तो वाळूत झोपतो. नवीन असताना तर दोन-चार दिवस वरच येत नाही, त्याच्या अंगातलं घड्याळ अजून जुन्या वेळेवर चालू असतं. हात घालून उकरू नका. लहान क्लाउन मोठ्या क्लाउनसमोर आडवा होऊन थरथरतो, ते आजारपण नाही, तुम्ही मोठ्या मी छोटा असं कबूल करतोय तो. सगळे क्लाउन आधी नर असतात, जोडीतला मोठा मादी होतो, त्यामुळे दुसरा आणताना पहिल्यापेक्षा स्पष्ट लहान आणा, बरोबरीचे दोन मोठे आणले तर मारामारी ठरलेली. रात्री वरच्या कोपऱ्यात तिरका लटकून झोपतो ते पण नॉर्मल. घाबरायचं ते श्वास खूप जोरात चालला असेल, अंगावर बारीक धुळीसारखं काही दिसलं, किंवा पंपाच्या धारेत तोंड खुपसून उभा राहिला तर. ते वेल्व्हेट, म्हणजे परजीवीमुळे होणारा जीवघेणा आजार असू शकतं आणि त्यात सकाळपर्यंत थांबायला वेळ नसतो.

खाण्याचं म्हणाल तर विकत घेतानाच दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. नाही खाल्लं तर अॅडव्हान्स देऊन आठवडाभर तिथंच राहू द्या, ओळखीचा असेल तर ठेवतो. घरी आधी फ्रोजन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), पेलेटचं म्हणजे कोरड्या दाण्यांचं नंतर बघू. जुन्यांना एका टोकाला भरपेट द्या आणि तेवढ्यात नव्याला दुसऱ्या टोकाला.

दिवस कुठला निवडायचा हे पण बघा. एप्रिल-मेमध्ये आणत असाल तर थर्माकोलचा डबा न्या, पुण्यात चांदणी चौकात गाडी अडकली की पिशवी तापायला वेळ लागत नाही. विसर्जनाच्या दिवशी बिल्डिंगखाली ढोल वाजत असताना नको, ती थरथर माशाला अंगाने जाणवते. आणि बुधवारी संध्याकाळी तर मुळीच नको. गुरुवारी इथे पुण्यात मेंटेनन्सची लाइट जाते, कधी त्याच दिवशी पाणीही बंद असतं, म्हणजे नेमकं पाणी बदलायची वेळ आली तर आरओला पाणी नाही आणि फिल्टरला लाइट नाही. बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्याच, पण मासा शुक्रवारी आणा, शनिवार-रविवार बघत बसायला मिळतं.