अडगावची लढाई कानातून: दुसऱ्या हंगामाची नोंद

अकोला जिल्ह्यातल्या अडगावला पहिल्यांदा गेलेला माणूस हमखास विचारतो, "लढाई झाली ती जागा कुठं आहे?" आपण हात पसरून म्हणतो, "हीच." मग तो तूर बघतो, पऱ्हाटी बघतो, लांबवर सातपुड्याची निळी रेघ बघतो आणि गप्प होतो. ना स्तंभ, ना पाटी, ना बुरूज. २९ नोव्हेंबर १८०३ च्या संध्याकाळी इथं नागपूरकर भोसल्यांची फौज आणि शिंद्यांचं घोडदळ एका बाजूला, ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली याची फौज दुसऱ्या बाजूला अशी उभी होती, हे जमीन आपण होऊन सांगत नाही. म्हणूनच ही ऑडिओ फेरी, म्हणजे फोनवर गोष्ट ऐकत थांब्याथांब्यानं चालायची वाट, करायला घेतली. किल्ल्यावर भिंती तरी बोलतात. सपाट वावरात आवाजाशिवाय काही नाही.

पहिल्या हंगामात सिरसोलीपासून अडगावपर्यंत अकरा थांबे धरले होते. आता सातच उरलेत, आणि तेवढे पुरतात. चार का गळाले ते सांगतो, कारण त्यातूनच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं.

गेल्या वर्षीची संहिता मी टेबलाशी बसून लिहिली होती. समोर वेलस्लीची पत्रं, जुना नकाशा आणि कागदावर टिंबं. ऐकायला छान वाटत होतं. वावरात गेलो तर तिसऱ्या थांब्यावर आवाज म्हणतो, "समोर भोसल्यांची रांग दिसते," आणि समोर खांद्याच्या वर गेलेली तूर. दिसतं काय, तर पानं! नोव्हेंबरात तूर फुलावर असते, माणसाला पलीकडचं काही दिसू देत नाही. चौथ्या आणि पाचव्या थांब्याचंही तेच. तेव्हा ठरवलं, आधी जागेवर उभं राहायचं, काय दिसतं ते वहीत लिहायचं, आणि दिसतं त्याच्यावरच बोलायचं. जे दिसत नाही त्यासाठी वीस पावलं पुढं किंवा मागं सरकायचं.

यंदा आषाढापासून दर पंधरा दिवसांनी एक चक्कर मारली. पावसाळ्यात या काळ्या मातीतून चालणं म्हणजे दर पावलाला चपलेला शेर-शेर माती, तरी गेलो, आणि बरं झालं गेलो. वेलस्लीच्या अहवालात एक साधं वाक्य आहे: भोसल्यांच्या समोरचं मैदान पाण्याच्या ओघळींनी फार कापलेलं होतं. हिवाळ्यात ते वाक्य वाचून मी पुढं गेलो होतो. श्रावणात तिथं उभा राहिलो तेव्हा कळलं. सपाट वाटणाऱ्या वावरातून पाणी नेमकं कुठून पळतं ते पावसाळ्यातच दिसतं. त्या ओघळींतून तोफेचा गाडा ओढणाऱ्या बैलांचं आणि रांग धरून चालणाऱ्या शिपायांचं काय झालं असेल, ते समजायला वेगळं पुस्तक लागत नाही. दोनशे वर्षांत नांगर, ट्रॅक्टर आणि बांधबंदिस्तीनं या ओघळी सरकल्या असणार, म्हणून "हीच ती ओघळ" असं फेरीत कुठंही म्हटलेलं नाही. "अशा ओघळी" म्हटलंय.

ज्यांना लढाईची ओळख नाही त्यांच्यासाठी मधला भाग थोडक्यात. २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या लढाईत वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांना हरवलं. नोव्हेंबरात शिंद्यांनी वेलस्लीशी तात्पुरती युद्धबंदी केली, त्यात त्यांच्या फौजेनं एलिचपूरच्या, म्हणजे आपल्या अचलपूरच्या, पूर्वेला लांब सरकायचं ठरलं होतं. भोसले त्या करारात नव्हतेच. शिंद्यांचं घोडदळ सरकलं नाही, ते सिरसोलीच्या बाजूला भोसल्यांच्या फौजेजवळच राहिलं. भोसल्यांची फौज रघूजी दुसरे यांचे भाऊ मन्याबापू यांच्या हाताखाली होती. २९ तारखेला वेलस्लीची फौज दिवसभर उन्हातून चालून आली होती, त्या दिवशी लढायचा त्याचा बेत नव्हता. मग त्यानं उंचावरून पाहिलं तर पलीकडं लांबच लांब रांग उभी, अहवालात तो पाच मैलांहून जास्त म्हणतो. रांगेच्या पाठीशी अडगाव आणि गावाच्या बागा, कुंपणं. आजही त्या बाजूला ओलिताची वावरं आहेत, हे पाहून मला फार बरं वाटलं.

सिरसोलीजवळचा दुसरा थांबा हा या फेरीचा जीव आहे. वेलस्लीच्या फौजेचं तोंड गावाच्या बाजूनं बाहेर निघालं आणि भोसल्यांच्या तोफा सुरू झाल्या. बैल बुजले, आणि कंपनीच्या देशी पायदळाच्या तीन पलटणी मागं फिरून पळाल्या. याच पलटणी दोन महिन्यांपूर्वी असईत याहून कितीतरी कडक माऱ्यात उभ्या राहिल्या होत्या! वेलस्ली स्वतः मध्ये पडला, त्यांना गावाच्या आडोशाला नेलं, पुन्हा उभं केलं. मी तिथं नसतो तर दिवस हातचा गेला असता, अशा अर्थाचं त्यानं नंतर लिहिलं. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत अडगावला एखादी ओळ मिळते, "भोसल्यांचा पराभव झाला" एवढीच. पण त्या पाव-अर्ध्या तासात हा निकाल दुसरीकडं झुकू शकत होता, आणि हे खुद्द जिंकणाऱ्यानं कबूल केलंय. ऐकणारा माणूस या थांब्यावर गावाकडं पाठ करून उभा राहतो. आवाज त्याला आधी मागं वळून गाव बघायला लावतो आणि मग गोष्ट सांगतो. वळल्याशिवाय "आडोसा" या शब्दाला अर्थ येत नाही.

आता शब्दांबद्दल. पहिल्या संहितेत मी पत्रांचा मराठी तर्जुमा जवळजवळ तसाच घेतला होता. त्या पत्रांत जागोजागी "शत्रू" येतो. ध्वनिमुद्रण करून आईला ऐकवलं. ती म्हणाली, "बाबू, शत्रू म्हंजे आपलेच लोकं ना रे? मंग तू त्याईले शत्रू काहून म्हणतं?" मला उत्तर देता आलं नाही. सगळी संहिता पुन्हा लिहिली. आता दोन्ही बाजूंना त्यांच्या नावानं हाक आहे: भोसल्यांची फौज, कंपनीची फौज. गावांची नावंही दुरुस्त केली. इंग्रजी कागदांत अडगावचं "आर्गाम" झालंय, सिरसोलीचं "सरसूली", गाविलगड किल्ल्याचं "गाविलघर". एकदा ती फेरीत सांगतो, म्हणजे कुणाला पुढं वाचायचं असेल तर सापडेल. त्यानंतर सगळीकडं आपलीच नावं.

बऱ्याच जणांनी सुचवलं की भोसल्यांच्या बाजूचा एखादा शिपाई किंवा गावातली म्हातारी असं पात्र घालून तिच्या तोंडून सांगावं. मनाला मोह होतो, पण केलं नाही. तपशिलानं लिहिलेलं जवळजवळ सगळं कंपनीच्या बाजूचं आहे, आणि दुसऱ्या बाजूची पोकळी मी माझ्या कल्पनेनं भरली तर ऐकणाऱ्याला ती खरीच वाटेल. त्याऐवजी पाचव्या थांब्यावर दीड मिनिट बोलणं नाही. फक्त तिथंच मुद्रित केलेला संध्याकाळचा आवाज: तुरीतला वारा, होले, लांबून येणाऱ्या बंडीची खडखड. लोक तिथं कानातलं काढत नाहीत, ऐकत उभे राहतात.

तांत्रिक बाजूला फार वेळ गेला, पण सांगण्यासारखं थोडंच आहे. घरातल्या खोलीत गोधडी अंगावर घेऊन मुद्रण केलं की घुमत नाही. वावरात माइकला वाऱ्याची टोपी नसेल तर फक्त फडफड ऐकू येते. एक थांबा तीन मिनिटांपेक्षा लांबवू नये, माणूस उन्हात उभा असतो. फाइल एकाच वाहिनीची, ६४ केबीपीएस ठेवली तर मिनिटाला अर्धा एमबीही होत नाही. रेंज अडगावच्या बाहेर येते-जाते, म्हणून सगळं घरूनच उतरवून घ्यावं लागतं. जागेवर पोचताच आवाज आपोआप सुरू व्हावा यासाठी आधी तीस मीटरचं वर्तुळ धरलं होतं. स्क्रीन बंद असला की काही फोन बॅटरी वाचवायला जागा उशिरा तपासतात, आणि माणूस वर्तुळ ओलांडून पुढं निघून जातो. साठ मीटर केल्यावर एकही थांबा चुकला नाही. आणि एकच कान वापरा. दुसरा कान ट्रॅक्टरसाठी, गुरांसाठी आणि पायाखालच्या सळसळीसाठी मोकळा पाहिजे.

वेळेचं गणित मात्र या हंगामाची खरी कमाई. लढाईला तोंड लागलं साडेचारच्या सुमारास. आपल्याकडं नोव्हेंबरअखेर सूर्य पावणेसहाच्या आत बुडतो. म्हणजे सगळं घडलं ते तासा-सव्वातासाच्या उजेडात, आणि पाठलाग चांदण्यात. अजून तासभर उजेड असता तर कुणी सुटलं नसतं, असं वेलस्लीच लिहितो. मी मागं मागं दिवस मोजत गेलो तेव्हा दिसलं, ती रात्र पौर्णिमेच्या अगदी लगतची होती. सूर्य एकीकडं बुडताना चंद्र दुसरीकडं वर येत होता.

म्हणून यंदाची चाचणी सकाळी घेतली नाही. त्रिपुरी पौर्णिमेला दुपारी चारला आम्ही सहा जण सिरसोलीहून निघालो. पांदणीनं चालत, थांबत, सव्वापाचला अडगावच्या बाजूच्या सहाव्या थांब्यावर पोचलो. तिथं आवाज सांगतो, आता मागं फिरा, सिरसोलीकडं तोंड करा, भोसल्यांचे गोलंदाज उभे होते तसे उभे राहा. आम्ही फिरलो आणि उजव्या बाजूनं तिरपं ऊन सरळ डोळ्यांत आलं. सगळ्यांचे हात एकदम कपाळावर गेले. हे संहितेत नव्हतं, मलाही आधी सुचलं नव्हतं. त्या उन्हामुळं नेम चुकले की नाही यावर मी एक अक्षर बोलणार नाही, पण त्या वेळी त्या जागी उभं राहिल्याशिवाय हे कुणाला कळणारही नाही. सातव्या थांब्यावर तोफांचा हिशेब आहे: ३८ तोफा कंपनीच्या हाती लागल्या, कंपनीची ४६ माणसं मेली. भोसल्यांकडचा आकडा मी देत नाही. तोवर चंद्र वर आला होता आणि गावातल्या देवळात त्रिपूर लावत होते. परत येताना कुणी फारसं बोललं नाही.

पुढचं काम गाविलगड. अडगावनंतर सोळा दिवसांनी, १५ डिसेंबर १८०३ ला, तो पडला. तिथली अडचण उलटी आहे: बघायला इतकं आहे की लढाई विसरायला होते. शार्दूल दरवाजावरच्या गंडभेरुंडापुढून, त्या दोन तोंडांच्या पक्ष्यापुढून, माणूस हलत नाही. मला मात्र फेरी लबाडा गावाच्या बाजूनं, उत्तरेकडून सुरू करायची आहे. वेलस्लीच्या जोडीला असलेल्या कर्नल स्टिव्हन्सनच्या तुकडीनं ७ ते १२ डिसेंबर या दिवसांत जड तोफा डोंगरातून, दऱ्यांतून हातानं ओढत, रस्ता स्वतःच करत तिथपर्यंत आणल्या. हाच स्टिव्हन्सन अडगावला इतका आजारी होता की हत्तीवर बसून आला होता. बाहेरच्या तटाला खिंडार पडलं, आतला तट मात्र शाबूत होता, तिथं कॅप्टन कॅम्पबेलची माणसं शिड्या लावून चढली आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला: कटक, बालासोर गेलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांकडून सुटला. वऱ्हाड निजामाकडं गेलं आणि १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात. त्या दोन आठवड्यांनी आपल्या पणज्यांच्या पणज्यांचा सारा कुणाच्या खजिन्यात जाणार हे ठरवलं, म्हणून अडगाव आणि गाविलगड एकाच फेरीचे दोन भाग म्हणून ऐकवायचे आहेत. गड मेळघाटच्या जंगलात आहे, संध्याकाळी थांबता येत नाही. कॅम्पबेलचा हल्ला सकाळी दहाच्या सुमाराचा, त्यामुळं तिथं घड्याळ आपल्या बाजूनं आहे. दरीच्या कडेला आणि झाडीत फोन जागा चुकीची दाखवतो, तिथं आपोआपचा नाद सोडून दगडावरच्या खुणेनं थांबे धरायचा विचार आहे. कुणी गडांवर हे करून पाहिलं असेल तर अनुभव जरूर सांगा.

बुलडाण्यातल्या साखरखेर्ड्याच्या लढाईची (११ ऑक्टोबर १७२४, निजामुल्मुल्क विरुद्ध मुबारिझखान) संहिताही हळूहळू जमवतोय, पण ती पुढच्या पावसाळ्यानंतर, पाणी कुठून पळतं ते पाहून झाल्यावरच.

शेवटी एक विनंती. अडगावला जाणार असाल तर वावरात शिरण्याआधी मालकाला विचारा, धुऱ्यानंच चाला, आणि कापूस वेचायचं काम चालू असेल तर लांबून जा. चौथा थांबा ज्यांच्या धुऱ्यावर आहे ते आजोबा पहिल्या वर्षी मला म्हणाले होते, "इथं पाह्यासारखं काय हाय बाप्पा?" यंदा पौर्णिमेला ते आमच्याबरोबर सिरसोलीहून चालत आले, एका कानात नातवाच्या फोनची वायर लावून. घरी पोचल्यावर चहा ठेवायला सांगून म्हणाले, "थ्या चौथ्या जागी तूर आडवी येते. येत्या हंगामात धुऱ्याची चार तासं सोयाबीन पेरतो, म्हंजे तुमाले अडगाव दिसन."