तुम्ही विचारलेत म्हणून: रॅम्झीच का?

दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की, एवढे नामांकित ॲडमिरल असताना तुम्ही ब्रिटिश नौदलाचे बर्ट्रम रॅम्झी यांचेच नाव का घेता, असे मला अनेकजण विचारतात. डंकर्कमुळे, म्हणजे फ्रान्समधल्या त्या बंदरात जर्मन वेढ्यात अडकलेल्या दोस्त सैनिकांना समुद्रमार्गे सोडवल्यामुळे, हे उत्तर त्यांना अपेक्षित असते. माझे उत्तर मात्र १९३५ सालापासून सुरू होते.

त्या वर्षी रॅम्झी होम फ्लीट या ब्रिटिश आरमारी ताफ्याचे प्रमुख रॉजर बॅकहाउस यांचे चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे मुख्य सहायक अधिकारी, झाले. बॅकहाउस बारीकसारीक कामही स्वतःकडेच ठेवत, आणि हाताखालच्यांना विचार करायचीही मोकळीक नसेल तर या पदाला अर्थ नाही, असे रॅम्झी यांचे ठाम मत होते. जुनी मैत्री असूनही त्यांनी ते पद सोडले. १९३८ मध्ये त्यांचे नाव निवृत्तांच्या यादीत गेले. पुढच्याच वर्षी युद्ध पेटले आणि फ्रान्ससमोरच्या डोव्हर या इंग्लिश बंदराची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

डोव्हरच्या किल्ल्याखालील भुयारांतून २६ मे १९४० रोजी त्यांनी डंकर्कची मोहीम सुरू केली. दोन दिवसांत ४५,००० माणसे आणता येतील, एवढाच अंदाज होता. तिथे पाठवलेल्या कॅप्टन विल्यम टेनंट यांच्या लक्षात आले की, उथळ किनाऱ्यावरून होड्यांनी माणसे हलवण्यात फार वेळ जातो. तेव्हा त्यांनी बंदराच्या पूर्वेकडील लाटरोधक बांधालाच जहाज लावून पाहिले. जहाजे लागावीत म्हणून तो बांधलेलाच नव्हता. किलोमीटरभराहून लांब, वर लाकडी फळ्यांची अरुंद वाट, आणि ओहोटीला जहाजाचा डेक त्या वाटेच्या कितीतरी खाली. रॅम्झी यांनी टेनंट यांचा निर्णय उचलून धरला आणि जहाजे तिकडे वळवली. ४ जूनपर्यंत सुटलेल्या ३,३८,२२६ सैनिकांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक बंदरातूनच निघाले, जरी आपल्या मनातले चित्र किनाऱ्यावरच्या होड्यांचे असले तरी. जी मोकळीक आपल्याला मिळाली नाही, ती रॅम्झी यांनी दुसऱ्याला दिली. माझा आदर आहे तो यासाठी.

जून १९४४ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरवण्याच्या वेळी नौदलाची सूत्रे रॅम्झी यांच्याकडे होती; तेव्हा त्यांचे आदेश फार तपशीलवार असल्याची तक्रार अमेरिकन ॲडमिरल कर्क यांनी केली होती, हेही सांगितले पाहिजे. ती मला अगदीच अनाठायी वाटत नाही. पण सुमारे ७,००० लहान-मोठी जहाजे सुरुंग काढलेल्या चिंचोळ्या मार्गांनी रात्रीतून पार न्यायची, तर एवढा काटेकोरपणा मी समजू शकतो.

सक्रिय अधिकाऱ्यांच्या यादीत त्यांचे नाव परत आले ते एप्रिल १९४४ मध्ये. म्हणजे डंकर्कची सुटका कागदोपत्री एका निवृत्त अधिकाऱ्याने केली होती. पुढे वर्षही झाले नाही. २ जानेवारी १९४५ रोजी ब्रिटिश सेनानी माँटगोमेरी यांच्या भेटीसाठी ब्रसेल्सला निघालेले त्यांचे विमान पॅरिसजवळ उड्डाण करतानाच कोसळले आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला.