लाइटरूमचं भाडं, अपग्रेड आणि नवी बॉडी

लग्नाच्या फोटोंचं काम करणारे बरेच जण अजून विचारतात की लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचं एकदाच विकत घेतलेलं व्हर्जन ६ च ठेवू का महिन्याच्या भाड्याचा प्लॅन घेऊ, म्हणून एकदाच नीट लिहितो.

आधी पैशाचं बघू. लाइटरूम ३ होतं २९९ डॉलर, अपग्रेड ९९. मार्च २०१२ ला ४ आलं तेव्हा अ‍ॅडोबीने भाव थेट निम्म्यावर आणला, नवीन घेणाऱ्याला १४९ आणि जुन्या गिऱ्हाइकाला ७९, आणि २०१५ मध्ये ६ येईपर्यंत तोच भाव राहिला. पटलं तर ७९ भरायचे, नाही पटलं तर आहे त्यावर काम चालू ठेवायचं, कोणी हात धरत नव्हतं. मला अजूनही हीच पद्धत सगळ्यात सरळ वाटते.

पण अपग्रेड करायला लावायचा तो मुळात कॅमेरा. नवी बॉडी घेतली की तिच्या रॉ फाइल्स (कॅमेऱ्याचा कच्चा डेटा) जुन्या व्हर्जनला ओळखूच येत नाहीत. लाइटरूम ६ चं शेवटचं अपडेट ६.१४, डिसेंबर २०१७ चं, आणि निकॉन झेड ६ आला २०१८ मध्ये, मग काय करणार! उपाय आहे, अ‍ॅडोबीचाच डीएनजी कन्व्हर्टर (रॉ फाइल जुन्या व्हर्जनला ओळखता येईल अशा डीएनजी फॉरमॅटमध्ये बदलणारा) फुकट मिळतो, आधी डीएनजी करायचं मग इम्पोर्ट, पण लग्नाच्या हजारो फाइल्सना हे करत बसायचं म्हणजे वेळ जातो आणि हार्डडिस्कही भरते.

दुसरी गोष्ट प्रोसेस व्हर्जनची, म्हणजे लाइटरूम कोणत्या पद्धतीने एडिट करतं त्याची, आणि इकडे लोक लक्षच देत नाहीत. लाइटरूम ४ मध्ये रिकव्हरी, फिल लाइट, ब्राइटनेस हे स्लायडर गेले आणि हायलाइट्स, शॅडोज, व्हाइट्स आले. जुना एडिट केलेला फोटो उघडला तर स्लायडर जुनेच दिसायचे आणि फोटोच्या खाली उजवीकडे उद्गारचिन्ह यायचं, ते दाबलं की फोटो नव्या पद्धतीत जायचा आणि बऱ्याचदा उजेड, कॉन्ट्रास्ट थोडा हलायचा. आताच्या व्हर्जनमध्येही जुने फोटो नव्या पद्धतीत नेले की हेच होतं, म्हणून अल्बम छापून गेलेल्या फोटोंना कृपया हात लावू नका, बघायचंच असेल तर व्हर्च्युअल कॉपी (मूळ फाइल तीच, एडिट वेगळे) काढा आणि तिच्यावर करून बघा.

आता भाडं. जानेवारी २०२५ पासून २० जीबी ऑनलाइन जागेचा ९.९९ डॉलरवाला प्लॅन नव्या लोकांना बंद झाला आणि महिन्याला भरणाऱ्या जुन्यांना १४.९९ झाला, म्हणजे तेच सॉफ्टवेअर दीडपट. भरणं थांबवलं तर फोटो जात नाहीत, लायब्ररी उघडते, एक्सपोर्टही होतं, पण डेव्हलप मॉड्यूल, म्हणजे एडिट करायचा भाग, आणि मॅप मॉड्यूल बंद होतात. म्हणजे तुमचेच एडिट तुम्हाला दिसतात पण स्लायडर हलत नाही. हे मला खरंच खटकतं.

अ‍ॅफिनिटी हे दुसरं एडिटिंग सॉफ्टवेअर २०२५ च्या ऑक्टोबरपासून फुकट आहे आणि एकेका फोटोवर रिटचिंगला मस्त आहे, पण त्यात लाइटरूमसारखा कॅटलॉग (सगळे फोटो आणि एडिट यांची नोंद) नाही.

प्लॅन सोडायचा विचार असेल तर त्याआधी सगळे फोटो सिलेक्ट करून कंट्रोल एस दाबा, एडिट एक्सएमपीमध्ये (रॉसोबतच्या छोट्या फाइलमध्ये) लिहिले जातात. व्हर्च्युअल कॉपी आणि कलेक्शन्स (फोटोंचे गट) मात्र त्यात येत नाहीत, त्यामुळे व्हर्च्युअल कॉपी आधी टिफ फाइल म्हणून एक्सपोर्ट करून ठेवा.