विचारलं का मागितलं?

सावद्याला एका केळी एक्सपोर्टच्या ऑफिसात मी मेल लिहायचं काम करतो. पोस्टचं नाव भारी आहे पण काम एवढंच, आखातातल्या पार्टीचा मेल वाचायचा, शेठला मराठीत सांगायचा, आणि शेठ जे बोलतील ते (शिव्या वगळून) इंग्रजीत टाकायचं. सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत मला सगळ्यात जास्त गोत्यात कोणी आणलं असेल तर पाचवीत पाठ केलेल्या एका शब्दाने. आस्क.

आस्क म्हणजे विचारणे, असं वहीत लाल शाईने लिहिलेलं होतं आणि मी ते आयुष्यभरासाठी डोक्यात घालून ठेवलं.

झालं काय, एका पार्टीचा मेल आला, वी हॅव आस्क्ड फॉर टू कंटेनर्स नेक्स्ट वीक. मी शेठला म्हटलं, दोन कंटेनरचं विचारताय ते. शेठ म्हणाले विचारू दे ना मग, विचारायला काय पैसे लागतात का, बऱ्हाणपूरच्या बाजारात केळीचा भाव काय निघतो ते बघू आणि मग बोलू. पाच दिवसांनी तिकडून फोन, गाडी निघाली का? कुठली गाडी? आता एका कंटेनरमध्ये जातो साधारण 20 टन माल, तो 13 डिग्रीच्या आसपास न्यायचा, त्याच्या आधी बाग बघायची, कटाईची गँग लावायची, फण्या धुवून बॉक्स भरायचे, न्हावाशेवाला बुकिंग करायची, हे काय वडापाव आहे का की सांगितला आणि पुड्यात बांधून आला. शेठ मला काहीच बोलले नाही. ते शिव्यांपेक्षा वाईट असतं.

तर आस्कला फॉर लागला की विचारणं संपलं, मागणं सुरू झालं. आस्क द प्राइस म्हणजे भाव विचार, आस्क फॉर द प्राइस यू वॉन्ट म्हणजे तुला पाहिजे तो भाव माग. आपल्याकडे हे दोन वेगळे शब्द आहेत, कोणी गोंधळत नाही. उसने पैसे विचारत नाही आपण, मागतो. इंग्रजीवाल्यांनी एकाच शब्दाला दोन्ही कामं दिली आणि फरक त्या चिमुकल्या फॉरवर सोडून दिला, जो आमच्यासारखा माणूस वाचतानाच गिळून टाकतो. यू आस्क्ड फॉर इट म्हणजे पण तेच, तूच मागून घेतलं ना, मग आता भोग.

आणि दोन कुठे, चार कामं आहेत त्याला. शी आस्क्ड मी टू वेट, इथे तिने काही विचारलंच नाही, थांबायला सांगितलं. टोल्ड लिहिलं असतं तर तो हुकूम झाला असता, आस्क्ड लिहिलं म्हणून विनंती झाली. मराठीत आपण दोन्हीला सांगितलंच म्हणतो आणि बाकीचं आवाज सांभाळून घेतो, पण मेलला आवाज नसतो. एकदा मी पार्टीला लिहिलं होतं वी टोल्ड यू टू सेंड द पेमेंट, खरं होतं तेही, पण त्यांना चांगलंच झोंबलं. त्याच्यानंतर आस्क्ड. आणि चौथं म्हणजे बोलावणं, दे आस्क्ड अस टू डिनर, जेवायला बोलावलंय. विचारणं, मागणं, सांगणं, बोलावणं, चार कामांना एकच गडी.

पण मला खरी मजा वाटते ती बाजारातली. आमच्याकडे सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो, तापीच्या काठावर, तिथे मी मामांसोबत लहानपणापासून जातो (घेतलं काही नाही आजपर्यंत, नुसती भजी खाल्ली). तिथली भाषा ऐका. मालक भाव *सांगतो*. लोक एकमेकांना म्हणतात, घोडीचे किती सांगताय हो? आणि गिऱ्हाईक काय करतं, *मागतं*. किती मागितली? साठला मागितली पण देत नाही तो. म्हणजे मागणारा कोण, तर घेणारा. आता इंग्रजीत बघा, आस्किंग प्राइस कोणाची, विकणाऱ्याची! आस्क तो करतो. घेणारा जे बोलतो त्याला ते बिड म्हणतात. शेअरच्या ॲपवर पण बिड आणि आस्क असे दोन आकडे शेजारी शेजारी असतात आणि माझा एक मित्र, चांगला बीकॉम झालेला, कितीतरी दिवस आस्क म्हणजे लोकांनी मागितलेला भाव, म्हणजे घेणाऱ्यांचा, असं धरून चालला होता. त्याची चूक नाही माझ्या मते, तो सारंगखेड्याच्या हिशोबाने बरोबरच होता. तिकडे विकणारा पैसे मागतो, आपल्याकडे घेणारा माल मागतो. एकाच सौद्याकडे दोन टोकांनी बघणं आहे, बस.

क्रिकेटमधला आस्किंग रेट मात्र पारावरच्या म्हाताऱ्यांना पण कळतो. 40 बॉलमध्ये 60 पाहिजे म्हणजे आस्किंग रेट 9, आप्पा बोटांवर काढतात. तिथे कोण कोणाला विचारतंय? कोणी नाही, मॅच मागतेय.

आता भाचीचं सांगतो, ती अमळनेरला दहावीला आहे आणि तिला ग्रामर शिकवणं माझ्या गळ्यात पडलंय. तिने लिहिलं, ही आस्क्ड टू मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह. एका वाक्यात तीन भानगडी. आस्कनंतर माणूस आला की टू लागत नाही, आस्क्ड मी, सरळ. पण हे टू आपण सगळेच घुसवतो आणि मला वाटतं ते दोन ठिकाणाहून येतं. एक तर आपली घरची सवय, *त्याला* विचार, अहिराणीत *त्याले* इचार, तो ला किंवा ले कुठेतरी बसवायचा असतो म्हणून टू. आणि दुसरं म्हणजे पुस्तकातलंच ते सेड टू. इनडायरेक्ट करताना सेड टूचं आस्क्ड होतं हे सर फळ्यावर लिहितात, पोरं सेड खोडतात आणि टू तसाच राहून जातो, जुन्या घराचा दरवाजा नव्या घराला लावल्यासारखा. दॅट पण नको आणि व्हेअर डू यू लिव्हचं व्हेअर आय लिव्हड होणार, कारण आता तो प्रश्न राहिलाच नाही, कोणीतरी विचारला होता त्याची नुसती बातमी आहे. भाची म्हणे मामा मग आस्क्ड मी टू वेटमध्ये टू कसा काय चालतो? चांगला प्रश्न होता. तो टू मीचा नाही, वेटचा आहे, पुढच्या क्रियापदाचा. हे तिला कळायला एक कप चहा लागला, मला कॉलेजची तीन वर्षं लागली होती.

मग ती म्हणे आमच्या वर्गात एक पोरगी आक्स म्हणते, सगळे हसतात. मी म्हटलं हसू नका. जुन्या इंग्रजीत दोन्ही रूपं होती, स आधी क नंतर आणि क आधी स नंतर. चौदाव्या शतकातल्या चॉसर नावाच्या इंग्रज कवीने आक्स लिहिलंय, आणि 1535 साली छापलेल्या इंग्रजी बायबलमध्ये मागा म्हणजे तुम्हाला मिळेल या वाक्यात पण आक्सच आहे. नंतर शहाण्यांचा एक उच्चार ठरला आणि दुसरा अडाण्यांचा झाला. आणि आपण काय वेगळं करतो? नुकसानचं नुस्कान कोणी केलं? तीच दोन अक्षरं, क आणि स, फक्त आपण उलट्या दिशेने पलटवली. गारपीट झाल्यावर तलाठ्यासमोर एकजण तरी नुकसान म्हणतो का. तसं आस्क्ड हे खुद्द इंग्रज पण घाईत पूर्ण म्हणत नाहीत, मधला क खाऊन टाकतात, आस्ट.

अजून खणलं तर गंमत आहे. हा आस्क मुळात इच्छतिचा नातेवाईक, म्हणजे आपल्या *इच्छा* शब्दाच्या खानदानातला, फार मागे जाऊन दोघांचं मूळ एक. म्हणजे पाहिजे असणं हे त्याच्या रक्तातच आहे, मागणं नंतर चिकटलेलं नाही. उलट आपला जुना शब्द *पुसणे*, तो संस्कृत पृच्छतिवरून आलेला, खरा प्रश्न विचारणारा तो, आणि जर्मन लोकांचा फ्रागेन त्याचा भाऊ लागतो. माझी आजी त्याले पुसी ये म्हणायची आणि आम्ही फडकं शोधायचो. आता पुसणं फक्त फरशीचं राहिलं. हां, विचारपूसमध्ये मात्र तो जिवंत आहे, विचार आणि पूस, दोन्ही पिढ्या एकाच शब्दात राहताय.

विचारपूसवरून आठवलं. त्याच पार्टीच्या मॅनेजरने एकदा मेलच्या शेवटी लिहिलं, अवर चेअरमन वॉज आस्किंग आफ्टर यू. शेठ तेव्हा पोरीच्या लग्नात. मी फोन करून सांगितलं, शेठ, त्यांचे मोठे साहेब तुमच्या मागे विचारत होते. मागे? मागे काय विचारत होते? कोणाला विचारत होते? हळदीच्या मंडपात शेठचा आवाज चढला, पेमेंट अडकलेलं, त्यांना वाटलं बाजारात आपली चौकशी लावलीय. अर्धा तास त्यांनी दोन व्यापाऱ्यांना फोन केले. आणि त्या बिचाऱ्या चेअरमनने फक्त तब्येत विचारली होती, खुशाली.

तेव्हापासून शेठने नियमच केलाय. मेल आला, मी तोंड उघडलं की आधी त्यांचा सवाल, विचारलं का मागितलं? आज सकाळी पण तेच. मेलमध्ये होतं, दे आर आस्किंग अबाऊट ऑक्टोबर. मी दोनदा वाचलं, अबाऊटवर बोट ठेवून, आणि म्हटलं, नुसतं विचारलंय शेठ.

बरं, म्हणाले, मग भरीत आलंय घरून, आधी जेवून घे.